कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांना पिपाण्या वाटाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी चार दिवसांची कबड्डी स्पर्धा आहे. सामने संध्याकाळी, प्रकाशझोतात होतील. मैदानाच्या तीन बाजूंना लाकडी फळ्यांची गॅलरी आणि वर पत्रा. एका पुरस्कर्त्याने प्रेक्षकांना वाटण्यासाठी हजारभर लांब प्लास्टिकच्या पिपाण्या देऊ केल्या आहेत. समितीतले अर्धे लोक म्हणतात, मैदान दणाणून जाईल. उरलेले म्हणतात, पोराबाळांच्या कानांचे काय? आणि पिपाण्या नकोत, तर दुसरे काय द्यायचे?

मी श्रवणतज्ज्ञ आहे. कान तपासणे हा माझा रोजचा व्यवसाय. त्याच्या जोडीने मंडप, मिरवणुका आणि मैदाने यांतला आवाज मोजण्याचे कामही बरीच वर्षे करतो आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: पिपाण्या घेऊ नका, पण मैदान गप्प बसवू नका. प्रेक्षकांचा गजर हा खेळाचाच भाग आहे. फक्त तो खेळाच्या मागे धावणारा हवा आणि पुढच्या ओळीत बसलेल्याच्या कानात घुसणारा नको. पिपाणी या दोन्ही बाबतींत नापास होते.

आधी वस्तू समजून घेऊ. विसर्जन मिरवणुकीत हातगाडीवर मिळते ती लांब पिपाणी आणि 2010 च्या विश्वचषक फुटबॉलमुळे जगभर गाजलेला दक्षिण आफ्रिकेचा व्हुवुझेला ही एकाच जातीची वाद्ये. साधारण 65 सेंटिमीटर लांब, तोंडाशी अरुंद आणि पुढे फाकत जाणारी नळी. आत पत्ती नाही की काही नाही. वाजवणारा ओठ थरथरवतो आणि नळी तो कंप उचलून धरते. मूळ स्वर सुमारे 235 हर्ट्झचा, म्हणजे बाईमाणसाच्या बोलण्याच्या आवाजाच्या पट्टीतला. मग तो एवढा झोंबतो का? जोर लावून फुंकले की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर एकापाठोपाठ जागे होतात आणि ताकदीत मूळ स्वरालाही मागे टाकतात. शंकूसारखा आकार या वरच्या स्वरांना आणखी उचलतो. आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. ती स्वतःच 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते. पिपाणीचे वरचे स्वर तिथपर्यंत पोहोचतात. कान जिथे सर्वांत हळवा, नेमका तिथेच मारा बसतो.

दुसरी गोष्ट दिशेची. खालचे स्वर चहूकडे पसरतात, वरचे स्वर नळीच्या तोंडासमोर झोतासारखे जातात. त्यामुळे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज सोसवतो, पण त्याच्या पुढच्या फळीवर बसलेल्या माणसाच्या मानेमागे, हातभर अंतरावर, नळीचे तोंड असते. उतरत्या गॅलरीत तर प्रत्येक पिपाणी पुढच्याच्या डोक्याच्या उंचीवर येते. आणि आपल्याकडे सर्वांत पुढे, चटईच्या कडेला कोण बसते? लहान मुले.

आकडे सांगतो, कारण समितीत आकड्यांशिवाय कोणी ऐकत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी विश्वचषकाच्या आधीच व्हुवुझेला मोजला होता. नळीच्या तोंडाशी 131 डेसिबल, दोन मीटरवर 113. तीस हजार प्रेक्षकांच्या एका सामन्यात त्यांनी काही जणांच्या अंगावर आवाज मोजणारे यंत्र लावले. सामनाभराची सरासरी 100 डेसिबलच्या आसपास निघाली आणि क्षणिक कमाल पातळी 140 च्या वर गेली. सामन्याआधी आणि नंतर त्याच लोकांचे कान तपासले तेव्हा ऐकण्याची क्षमता तात्पुरती घसरलेली आढळली.

आता हे आकडे कशाशी ताडायचे? कामगारांसाठी वापरला जाणारा एक प्रचलित हिशेब असा: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटे. 113 ला पाऊण मिनिटसुद्धा पुरते उरत नाही. इथे एक खुलासा केलाच पाहिजे. ही मर्यादा वर्षानुवर्षे रोज कारखान्यात उभे राहणाऱ्यासाठी आखलेली आहे. एका सामन्याला गेलेल्याने ती ओलांडली म्हणून तो बहिरा होतो, असे नाही. बहुतेकांचे कान रात्रभराच्या शांततेत पुष्कळसे सावरतात. पण तुमची स्पर्धा चार दिवसांची आहे, रोज चार-पाच तास चालणार आहे आणि त्याच गावातली तीच मुले रोज तिथेच बसणार आहेत. शिवाय 130 च्या घरातला आवाज कानाशी वाजला, तर सावरण्याची खात्री पहिल्याच दिवशी देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली कार्यक्रमस्थळांसाठी जी मानके जाहीर केली, त्यांत सरासरी पातळीची वरची मर्यादा 100 डेसिबल धरली आहे. तीसुद्धा मोठ्यांना डोळ्यासमोर ठेवून.

कोणी म्हणेल, हजार जण एकदम थोडेच वाजवतात? शंभरच धरा. दोन सारखे आवाज एकत्र आले की तीन डेसिबल वाढतात, दहा आले की दहा, शंभर आले की वीस. अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात. दोन मीटरवर 113 देणारी पिपाणी वीस मीटरवर 93 देईल, आणि तशा शंभर वाजल्या तर तिथे पुन्हा 113! मधल्या माणसांच्या अंगात थोडा आवाज मुरतो हे खरे, पण वरचा पत्रा तो परत खाली फेकतो. म्हणजे मैदानाच्या मधोमधही सुटका नाही.

आणि मधोमध काय चाललेले असते? चढाई. माझ्या दृष्टीने पिपाणी नाकारायला हे कारण कानाइतकेच मोठे आहे. कबड्डीत चढाईपटूने तीस सेकंद ‘कबड्डी कबड्डी’ असा दम स्पष्ट आणि सलग घालायचा असतो, आणि तो पंचांना ऐकू आला पाहिजे. दम तुटला की चढाई बाद. जगातल्या फारच थोड्या खेळांत खेळाडूच्या तोंडचा आवाज हाच नियमाचा भाग आहे. आपला कबड्डी तसा आहे आणि आपला खो-खोही. अशा खेळात 113 डेसिबलच्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या पंचाने दम कसा ऐकायचा? मग निर्णय अंदाजाने होतात, त्यांवर वाद होतात आणि हमरीतुमरी होते. बचावातल्या कोपरारक्षकाने साथीदाराला दिलेली हाकही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. फुटबॉलमध्ये दम घालायचा नसतो, तरीही 2010 मध्ये मेस्सीसारख्या खेळाडूने मैदानावर एकमेकांशी बोलताच येत नसल्याची तक्रार केली होती. फ्रान्सच्या पॅट्रिस एव्हराने तर पहाटेपासून वाजणाऱ्या व्हुवुझेलांमुळे झोप होत नसल्याचे सांगितले होते.

तेव्हा फिफाचे अध्यक्ष सेप ब्लॅटर यांनी बंदीला नकार दिला. आफ्रिकेतल्या स्पर्धेला युरोपचे वळण लावू नये, ही त्यांची भूमिका होती. मला ती अर्धी पटते. त्या देशाच्या गॅलऱ्यांचा तो आवाज होता, फुटबॉलवेड्या सामान्य माणसाने घडवलेला. पाहुण्यांनी येऊन तो बंद पाडणे बरोबर नव्हते. पण विश्वचषक संपल्यावर सप्टेंबर 2010 मध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेने आपल्या स्पर्धांत व्हुवुझेलावर बंदी घातली आणि त्यामागे दिलेले कारणही तितकेच सच्चे होते: आमच्या प्रेक्षकांची गाणी आणि घोषणा त्यात बुडून जातात. पिपाणीचा हा दोष मोजमापाच्या यंत्रात दिसत नाही. ती एकच स्वर काढते. गुण मिळाला तरी तोच, पकड झाली तरी तोच, सामना रेंगाळला तरी तोच. गॅलरी खेळावर काय म्हणते आहे, ते त्यातून कळतच नाही. लोण पडल्यावर, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाल्यावर, उसळणारा गजर आणि शेवटच्या चढाईआधी दाटणारी शांतता, दोन्ही एका सपाट घूंऽऽमध्ये नाहीशी होतात.

उलट टोकाची चूकही झालेली आहे. 2007 चा क्रिकेट विश्वचषक वेस्ट इंडीजमध्ये झाला. शंख, ढोल, पत्र्याचे डबे ही तिथल्या गॅलरीची ओळख. त्या स्पर्धेत वाद्ये आत आणण्यावर इतके निर्बंध घातले की स्टँड सुने वाटू लागले आणि टीका झाली ती निर्बंधांवर. तुमच्या समितीत ‘सगळेच बंद करा’ म्हणणारे जे आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मला अनुकरण करावेसे वाटते ते श्रीलंकेचे. तिथल्या क्रिकेट सामन्यांत पपरे नावाचे उडत्या ठेक्याचे संगीत वाजवणारे बँड असतात, तुताऱ्या आणि ड्रम घेतलेले. एका जागी बसतात, धून धरतात, आजूबाजूचे नाचतात. वाजवणारे मोजके, ताल धरणारे हजारो.

म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली पसंती ढोल-ताशा, तीही मर्यादेत. पाच-सहा ढोल आणि दोन ताशे पुष्कळ झाले. पथक मैदानाच्या एका कोपऱ्यात, बाद खेळाडूंच्या बैठकीपासून आणि गुणलेखकाच्या टेबलापासून लांब उभे करा. ढोलाचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, छातीत घुमतो. कानाला त्रास देतो तो मुख्यतः ताशा, कारण त्याचा प्रत्येक ठोका कडक आणि क्षणिक असतो. म्हणून ताशांची संख्या कमी ठेवा आणि ताशांसमोर तीन-चार मीटर जागा दोरी बांधून मोकळी सोडा. सर्वांत महत्त्वाचे: चढाई सुरू झाली की काठी थांबली पाहिजे. पथकप्रमुखाची नजर सामन्याच्या सरपंचाकडे, म्हणजे मुख्य पंचाकडे हवी. गुण जाहीर झाला की वाजवा, लोण पडला की मनसोक्त वाजवा, मध्यंतरात पूर्ण पथक चालू द्या. एकदा ही शिस्त बसली की दोन चढायांमधला तो कडकडाट आणि चढाईतली चिडीचूप शांतता यांतून जी रंगत चढते, ती हजार पिपाण्यांना येणार नाही. वाजवणाऱ्यांच्या कानांत मात्र बोळे हवेतच. ताशा गळ्यात अडकवलेल्या माणसाच्या कानापाशी पातळी शंभराच्या वर असते, आणि चारही दिवस तोच वाजवणार असतो.

पुरस्कर्त्याला जाहिरात हवी आहे, ती पुठ्ठ्याच्या टाळीपंख्यावर छापून घ्या. जाड कागदाची पंख्यासारखी घडी, तळहातावर आपटली की फटफट वाजते. क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांत तुम्ही पाहिली असेल. ती एकट्याच्या हातात क्षीण वाटते, दोन हजार हातांत पावसासारखी कोसळते, आणि कोणाच्याही कानाला इजा करत नाही. उकाड्यात वारा घ्यायलाही चालते. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या काठ्या एकमेकींवर आपटण्याचा प्रकार दक्षिण कोरियातल्या बेसबॉलच्या मैदानांवरून जगभर गेला. त्याही पिपाणीपेक्षा सुरक्षित आहेत, मऊ असल्याने फेकल्या तरी लागत नाहीत. पण मागच्यांचे सामना पाहणे अडते आणि चौथ्या दिवशी मैदानावर प्लास्टिकचा ढीग उरतो. माझी दुसरी पसंती समजा.

फेकण्याचा मुद्दा निघालाच आहे तर ब्राझीलची गोष्ट सांगायला हवी. 2014 च्या विश्वचषकासाठी त्यांनी व्हुवुझेलाला पर्याय म्हणून काशिरोला नावाचा प्लास्टिकचा खुळखुळा काढला, कार्लिन्योस ब्राउन या नामवंत संगीतकाराने घडवलेला. कानाला मृदू, दिसायला देखणा. एप्रिल 2013 मध्ये साल्वादोरच्या एका सामन्यात प्रेक्षकांना तो वाटला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी शेकडो खुळखुळे मैदानात भिरकावले. विश्वचषकात त्याला प्रवेश मिळाला नाही. इंग्लंडमध्ये एके काळी फुटबॉलच्या मैदानांवर लाकडी करकरे वाजत. महायुद्धांत विषारी वायूचा इशारा द्यायला वापरले तेच हे यंत्र, इतका त्याचा आवाज कर्कश. जड आणि कठीण असल्याने मारामारीचे हत्यार म्हणून पुढे त्याच्यावर बंदी आली. तेव्हा कुठलीही वस्तू वाटण्याआधी ती कोऱ्या डोळ्यांनी पाहा: रागावलेल्या माणसाच्या हातात ही काय करेल? हातभर लांब, कडक प्लास्टिकची पिपाणी या परीक्षेतही बसत नाही.

तीन गोष्टींना फाटकावरच अडवा. गॅसच्या डब्यावरचे हॉर्न, ट्रकचे प्रेशर हॉर्न आणि प्रेक्षकांच्या शिट्ट्या. पहिल्या दोघांचा आवाज पिपाणीच्या तोडीचा असतो आणि फुंकायला दमही लागत नसल्याने कोणी थांबत नाही; त्यात डब्यातला वायू अनेकदा ज्वालाग्राही असतो. शिट्टीचे कारण वेगळे. पंचाची शिट्टी कोणती आणि गॅलरीतली कोणती, हे खेळाडूला कळत नाही, आणि पकडीच्या झटापटीत खेळाडू मध्येच सैल पडला तर गुडघा जातो. तोंडाने घातलेली शिट्टी अर्थात अडवता येत नाही, अडवूही नका.

तुम्ही विचारलेले नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अशा स्पर्धांत मी यंत्र घेऊन फिरतो तेव्हा सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा प्रेक्षकांचा नसतोच. तो निवेदकाच्या ध्वनिक्षेपकाचा असतो. दोन मोठे बॉक्स जमिनीवर ठेवतात, गॅलरीकडे तोंड करून, आणि त्यांच्यासमोर पोरे मांडी घालून बसतात. दोन मोठ्यांऐवजी सहा लहान कर्णे खांबांवर तीन मीटर उंच बांधा, तोंड थोडे खाली. आवाज सगळीकडे सारखा पोहोचतो आणि पातळी खूप कमी ठेवता येते.

दुसरी गोष्ट पायांची. लाकडी गॅलरीवर ठेक्यात पाय आपटण्याइतका फुकट आणि दणदणीत आवाज दुसरा नाही, आणि धोकाही दुसरा नाही. मार्च 2021 मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेट इथे ज्युनिअर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षक गॅलरी कोसळून शंभरहून अधिक माणसे जखमी झाली. ढोलाच्या ठेक्यावर शेकडो लोक एकाच वेळी उड्या मारू लागले की बांबू-फळीच्या सांगाड्यावर नुसत्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. गॅलरी अभियंत्याकडून तपासून घ्या, प्रत्येक भागाची क्षमता ठरवून तेवढीच माणसे चढवा, आणि उड्या सुरू झाल्या की पथकाला तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार एका माणसाकडे द्या.

कायद्याचे थोडक्यात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक किंवा कोणतेही आवाज करणारे वाद्य वाजवता येत नाही. ढोल, पिपाणी सगळे त्यात आले. वर्षातल्या ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सवलत सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी आहे. ती आपल्याला मिळेलच असे गृहीत धरून शेवटचा सामना साडेनऊला लावू नका. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकते. मैदान शाळेचे असेल तर पोलीस ठाण्यात आधीच बोलून घ्या.

आता मुलांबद्दल. दोन-तीन वर्षांच्या आतले मूल गॅलरीत नकोच. मोठ्या मुलांना ढोलापासून आणि कर्ण्यांपासून लांब बसवा. अंतर हेच सर्वांत स्वस्त संरक्षण. त्यांच्यासाठी कान झाकणारे मफ मिळतात, ते उत्तम. कापसाचा बोळा मनाचे समाधान करतो, आवाज जेमतेम अडवतो. मोठ्यांसाठी फोमचे बोळे चांगले, पण ते घालायची रीत आहे. बोळा बोटांत फिरवून सुईसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून अर्धा दिसत असेल तर तो बसलेला नाही. स्वयंसेवक, गुणलेखक, निवेदक आणि पथकातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे करून दाखवा.

आवाजाची हानी कळते कशी, हेही त्यांना सांगून ठेवा. घरी गेल्यावर कानात कुईऽऽ वाजत राहणे, कान दडे बसल्यासारखे वाटणे ही पहिली खूण. आतल्या कानातल्या ज्या केशपेशी आवाज टिपतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि मोठ्या आवाजाने आधी जातात त्या 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. माणसाला ‘आवाज येतो’ असेच वाटत राहते, पण स, श, च, त, फ ही अक्षरे पुसट होतात. ‘सात’ म्हटले की ‘हात’ ऐकू येते. माझ्याकडे असे तक्रार घेऊन येणारे लोक ‘हल्ली सगळे पुटपुटतात’ असेच म्हणत येतात.

कुई दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर कान तपासून घ्यावा. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर तेल, थेंब, घरगुती उपाय काहीही न करता त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा वेळी सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता बरीच असते. पंधरवडा गेल्यावर आलेल्या रुग्णासाठी करण्यासारखे फार थोडे उरते. हे दोन वाक्यांत लिहून प्रवेशद्वारावरच्या फलकावर लावा, टाळीपंख्याच्या मागच्या बाजूलाही छापता येईल. पुरस्कर्ता त्याला नाही म्हणणार नाही.